बेलवरचं बोट

१

आमच्या घरात लिखाणाचे दोन नियम आहेत आणि दोन्ही बायकोने घातलेले आहेत. मी आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. नियम कुठून येतात, ते का पाळायचे, असले प्रश्न मी इतरांना पुष्कळ विचारले. घरी विचारले नाहीत.

पहिला नियम असा, की दिवसभरात लिहिलेलं दुपारच्या चहानंतर तिला वाचून दाखवायचं. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसते, डोळे मिटते आणि एखादं वाक्य जमलं की "हं" म्हणते. त्यात कौतुक नसतं. कापड मोजून झाल्यावर दुकानदार मान हलवतो, तसं ते असतं. "हं" आला की वाक्य कायम. नाही आला, तर मला ते कितीही आवडलेलं असलं तरी मी खोडतो. माझ्या प्रेमकथा एका बाईच्या टोपणनावाने छापल्या जातात आणि बस स्टँडपासून वाचनालयापर्यंत सगळीकडे वाचल्या जातात. पण आमच्या प्रकाशिकेला खरी गोम ठाऊक आहे. फोनवर ती पहिलं हेच विचारते, "सर, वरच्या कोर्टाने काय निकाल दिला?"

दुसरा नियम जरा विचित्र आहे. दिवसाचं काम थांबवताना कुणालाही दारात उभं ठेवायचं नाही. नायक भांडून निघाला असेल तर त्याला रस्त्याला लावायचा. आला असेल तर आत घ्यायचा, बसवायचा, मगच पेनाला टोपण. जिन्यात, फाटकाशी, उंबऱ्यावर कुणाला सोडून आपण उठायचं नाही.

"अगं, कागदावरची माणसं ती," मी अगदी सुरुवातीला म्हटलं होतं. "त्यांचे पाय दुखतात का?"

"तुम्हाला कुणी दारात ताटकळत ठेवलं तर?"

"मी बेल वाजवीन."

"वाजवा हं. आमच्याकडची वाजते का बघा."

हा टोमणा होता. लिहिताना बेल वाजली की माझी सगळी लय जाते, म्हणून मी आमच्या बेलच्या वायरी काढून टोकांना टेप लावून ठेवली आहे. बाहेर बटण तेवढं आहे, शोभेला. येणारे दार ठोठावतात.

एक सवयही सांगून ठेवतो, कारण पुढे ती लागेल. नायकाला आम्ही शेवटच्या प्रकरणापर्यंत नाव देत नाही. "आधी बघू तरी कसा वागतोय," असं तिचं म्हणणं. नाव तीच ठेवते. तोवर तो नुसता "तो" असतो.

२

त्या दुपारी मी परत येण्याचा प्रसंग लिहीत होतो. प्रेमकथा लिहिणाऱ्यांना हा प्रसंग चुकत नाही. माणूस वर्षानुवर्षं दूर राहतो आणि एक दिवस जिना चढतो. मी त्याला सावकाश चढवला. कोट त्याच्या हातावर टाकला. एक खांदा किंचित उतरता ठेवला, डावा, कारण सरळ खांद्यांचे नायक लिहून मला कंटाळा आला होता. चेहरा लिहिला नाही. चेहरा नायिका दार उघडेल तेव्हा तिच्या नजरेतून यायचा होता.

"तो तिच्या दारासमोर येऊन थांबला. त्याने बोट बेलवर ठेवलं आणि"

इथवर आलो आणि बाहेरच्या खोलीत कप पडला. फुटला नाही. फरशीवर गोल गोल फिरत राहिला, मग थांबला.

मी लगेच उठलो नाही. "काही नाही हो, कप पडला," हे वाक्य बाहेरून येण्याची वाट बघत बसलो. ते आलं नाही.

ती खुर्चीतच होती. डावा हात खुर्चीच्या हातावरून घसरून खाली लोंबत होता आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. पाहुणे आलेत आणि घरात साखर नाही, अशा वेळी ती जशी बघते, तशी ओशाळून माझ्याकडे बघत होती.

समोर राहणारे दाताचे डॉक्टर ॲप्रनवरच धावत आले. त्यांनीच अँब्युलन्स बोलावली, त्यांनीच लिफ्ट धरून ठेवली. मी तिच्या चपला हातात घेऊन उभा होतो. लिहिण्याच्या खोलीत पेन उघडं होतं, कागद टेबलावर होता आणि वाक्य "आणि"वर थांबलं होतं. ते मला दवाखान्यात पोचल्यावर आठवलं आणि आठवल्याची लाजही वाटली.

३

मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. ती विरघळली, पण डावी बाजू गेली ती गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. "हात परत येईल, न येईल. पाय थोडाफार येईल. आधाराशिवाय उभं राहणं आत्ता तरी विसरा." बायकोला बोलता येत नव्हतं. डोळे मात्र सगळीकडे फिरत होते, तिला कुणाला तरी काही विचारायचं असल्यासारखे.

आम्हाला मूलबाळ नाही. कपडे आणायला मीच घरी गेलो. लिफ्टमधून बाहेर पडतो तोच दाताचे डॉक्टर त्यांच्या दारात भेटले. त्यांचं क्लिनिक आणि घर एकच आहे.

"वहिनी कशा आहेत?"

मी सांगितलं.

"होईल, होईल सगळं नीट. आणि हो, तुमचे पाहुणे भेटले का?"

"कोण पाहुणे?"

"अहो, तुमच्या दारात उभे असतात ते. मी सांगितलं त्यांना, सर दवाखान्यात आहेत, वेळ लागेल. आमच्याकडे येऊन बसा, दात न उपटता सोडतो, असंही म्हटलं. हसले नाहीत."

"बोलले काय?"

"काही नाही. उंच गृहस्थ. कोट हातावर घेतलेला. खांदा एक जरा उतरलेला, हा, डावा. दिवसभर वाकडे दात बघतो ना, कुठेही वाकडं दिसलं की डोळ्यात भरतं."

माझ्या हातात किल्ली होती. ती मी खिशात परत टाकली, का कोण जाणे.

"चेहरा कसा होता?"

डॉक्टरांनी बोलायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. "कमाल आहे," ते म्हणाले. "लोकांच्या तोंडात बघून मी पोट भरतो, आणि याचा चेहराच आठवत नाही."

४

एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये, हे मी कितीतरी वर्षं फळ्यावर लिहिलं. म्हणून मी काढला नाही. डॉक्टरांचा एखादा पेशंट चुकून आमच्या दारात उभा राहिला असेल. उंच माणसं असतात. कोट हातावर घेतात. उतरते खांदे तर मी कुठे ना कुठे बघितल्याशिवाय लिहिलेच नसते. शिवाय माझी झोप झालेली नव्हती, जेवणाचं भान नव्हतं आणि माझं वय असं आहे की स्वतःच्या साक्षीवर मी स्वतः कोर्टात विश्वास ठेवला नसता.

दारासमोर पायपुसणं होतं. काथ्याचं, जाड, नवंच. त्याच्यावर दोन ठिकाणी काथ्या दबून सपाट झाला होता. बुटांच्या तळव्यांएवढ्या दोन जागा, शेजारी शेजारी, टोकं दाराकडे. कुणी येऊन पाय पुसून गेलं की काथ्या विस्कटतो. हा विस्कटलेला नव्हता. कपाटाचे पाय बरीच वर्षं एका जागी राहिले की सतरंजी दबते, तसा दबला होता.

मी कुलूप उघडलं. आत शिरलो, कपडे गोळा केले, पेनाला टोपण लावलं. निघताना दाराबाहेर पाऊल टाकलं आणि माझ्या लक्षात आलं की मी अंग आडवं करून बाहेर आलोय. पोट आत घेऊन, पिशवी छातीशी धरून, भिंतीला पाठ घासत. दारात माणूस उभा असला की त्याला धक्का लागू नये म्हणून आपण निघतो, तसा. आत शिरतानाही मी तसाच शिरलो होतो का, ते आठवून बघितलं.

तसाच शिरलो होतो.

५

बायको बोलायला लागली ती एका दुपारी, माझ्या कपाला हात लावून. आधी "साखर" म्हणाली. मग बराच वेळ थांबून, शब्द एकेक जमवत, तिने विचारलं,

"त्याला... आत घेतलंत?"

बाजूच्या खाटेवरच्या आजींची सून कौतुकाने म्हणाली, "अगंबाई, बोलल्या! मुलाची आठवण येतेय वाटतं."

दारातलं ते पान मी तिला अजून वाचून दाखवलेलं नव्हतं, तरी मी मान डोलावली. काय डोलावली, मलाच कळलं नाही. बायकोने माझ्याकडे बघितलं. माझ्या अशा होकारांना ती लग्नापासून ओळखते.

"नाही घेतलंत," ती म्हणाली.

खरं तर मी प्रयत्न केला होता. आदल्याच दिवशी घरी जाऊन टेबलाशी बसलो आणि "आणि"च्या पुढे लिहिलं, "तिने दार उघडलं." लिहून बाहेरच्या दाराशी गेलो. पायपुसणं तसंच होतं. हवेत लिफ्टमधल्यासारखं जवळपण होतं, कुणीतरी अगदी शेजारी उभं असूनही आपण दोघंही समोर बघतो तसं. वाक्य लिहून काही झालं नव्हतं. मग उमगलं. वरच्या कोर्टाचा निकाल व्हायचा होता.

तो कागद खिशात होताच. मी दबल्या आवाजात तिला वाचून दाखवला. तिने डोळे मिटले. मी वाट बघितली. "हं" आला नाही.

"इथून कसं उघडेल ती?" बायको म्हणाली. "घरी... गेल्यावर."

मला त्या क्षणी वाटलेलं इथे लिहिलं पाहिजे. मला भीती त्या दारातल्याची वाटत नव्हती. इतक्या कादंबऱ्यांत मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे: जो परत येतो, तो तिला न्यायला येतो. हा परत आला होता. आणि माझ्या घरात बाई एकच होती.

६

तिला घरी आणलं तेव्हा चाकाच्या खुर्चीमागे दवाखान्याचा एक सेवक होता, बोलका, दणकट माणूस. लिफ्टमध्ये तो मला हात-पाय चोळायचं तेल सुचवत होता. आमच्या मजल्यावर आल्यावर त्याने खुर्ची दारापर्यंत सरळ आणली आणि दारासमोर जरा डावीकडे वळवून उभी केली.

"सरळ घ्या ना," मी म्हटलं.

"सरळच घेतलीय की, काका," तो म्हणाला, आणि खुर्ची तिरकी होती.

मी किल्ल्या शोधू लागलो. मागून सेवक ओरडला, "ओ आजी! आजी, पडाल!"

बायको उभी राहिली होती. गेलेला डावा हात तिने पुढे केला होता. तो हवेत आडवा होता आणि थरथरत नव्हता. तिच्या स्वेटरची बाही कोपराखाली चारही बाजूंनी आत दबली होती. लोकर चिमटीत धरल्यावर तिला सुरकुत्या पडतात, तशा बारीक सुरकुत्या तिथे पडल्या होत्या. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला.

"पडत नाही," ती म्हणाली. "धरलंय."

सेवकाला वाटलं मी धरलंय. मी तर दाराशी होतो, किल्ली हातात घेऊन. पण खोटं कशाला सांगू? भीतीच्याही आधी मनात आलं ते असं: केवढं अलगद धरलंय याने. मला इतक्या वर्षांत असं धरता आलं नाही.

ती उंबरा ओलांडून आत आली, तेव्हा बाहीवरच्या सुरकुत्या सुटल्या. जो कुणी होता तो आत आला नाही. त्याला कुणी "या" म्हटलं नव्हतं.

७

"लिहा," खुर्चीत बसल्या बसल्या ती म्हणाली.

"आधी जरा विश्रांती घे."

"तो उभा आहे आणि मी विश्रांती घेऊ? लिहा म्हणते ना."

मी लिहिण्याच्या खोलीतून कागद आणला आणि तिच्यासमोर स्टुलावर ठेवून लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे; त्या दिवशीचं मला वाचवत नाही. मग मोठ्याने वाचलं.

"त्याने बोट बेलवर ठेवलं आणि बेल वाजली. ती उठली. तिने दार उघडलं."

"हं," बायको म्हणाली.

बेल वाजली.

आमच्या बेलचा आवाज मी विसरून गेलो होतो. साधी, कर्कश, जुन्या धाटणीची बेल. ती घरभर वाजली. मी वर बघितलं. बेलच्या डब्यातून वायरींची दोन्ही टोकं बाहेर लोंबत होती, माझ्याच हातची काळी टेप अजून त्यांना होती, आणि टेपवर धूळ होती.

बायको आधाराशिवाय उठली. चालत दाराशी गेली. डाव्या हाताने केस मागे केले आणि त्याच हाताने कडी काढली.

मी तिच्या पाठीमागे होतो, त्यामुळे दारापलीकडचं मला दिसलं नाही. पण भिंतीशी पुस्तकांचं कपाट आहे, त्याच्या काचेत तिचा चेहरा दिसत होता. त्याच्याबद्दल काय लिहू? दार उघडणाऱ्या बाईचा चेहरा मी आयुष्यभर लिहीत आलो. उजळला म्हणालो, फुलला म्हणालो, काय काय म्हणालो. आणि ते सगळं न बघता लिहिलं होतं, हे मला काचेत बघताना कळलं. वयाचं, आजाराचं, ओढल्या गेलेल्या ओठाचं तिच्या चेहऱ्यावर काही उरलं नव्हतं. एखाद्या मोठ्या पाण्यासमोर आल्यावर माणूस बोलायचं थांबतो, तसं माझं झालं. काचेत तिच्या समोर क्षणभर एक कोट आणि एक उतरता खांदा दिसला. त्याच्या वर मी बघितलं नाही. तिथे चेहरा मी लिहिलेला नव्हता. नसता तरी मला ते सोसलं नसतं, आणि असता तर त्याहून नाही.

"या," ती म्हणाली. "बसा."

पाहुण्यांची वेताची खुर्ची कुरकुरली. तिच्यावरची उशी हळूहळू खाली दबली.

८

पुढचे दिवस चांगले गेले. हे वाक्य लिहिताना मलाच कसंतरी होतं, पण ते खरं आहे. दुपारी चहा झाला की मी वाचायचो. खिडकीजवळ बायको, तिच्या डाव्या हाताला वेताची खुर्ची, आणि समोर स्टुलावर मी, एखादा परीक्षेला बसलेला मुलगा असावा तसा. "हं" आता दोन येऊ लागले. एक तिचा. दुसरा खालच्या पट्टीतला, जरा उशिरा येणारा. हा दुसरा "हं" मला ऐकू यायचा की नुसता जाणवायचा, ते मी सांगू शकत नाही. मात्र माझं लिखाण इतकं चांगलं कधीच झालं नव्हतं, हे सांगू शकतो. माझ्याच्याने होणार नाहीत अशी वाक्यं माझ्या हातून उतरत होती.

तिचा हात रोज सुधारत होता. डॉक्टरीणबाईंनी तो वरखाली करून बघितला, बोटं मोजायला लावली. "काय केलंत काय तुम्ही?" त्यांनी मला विचारलं. "रोज वाचून दाखवतो," मी म्हटलं. त्या हसल्या. त्यांना ठाऊक नव्हतं, की त्यांच्यासमोर जेमतेम हलणारा बायकोचा हात घरी, त्या खुर्चीशेजारी, स्वेटर विणत होता.

ती माझ्याशी बोलायची, हसायची, चहात साखर जास्त झाली की रागवायची. पण वाचता वाचता मी मान वर केली की तिची नजर डावीकडे असायची. तोंड मिटलेलं, मान जरा कललेली. तिने तिचा राखाडी कोट कपाटातून काढून दाराजवळच्या खुंटीला लावला. "हवा लागू दे जरा," म्हणाली.

प्रकाशिकेचा फोन आला. "सर, शेवटाचं काय? वाचक नवीन पुस्तकासाठी जीव खाताहेत माझा. घडवून आणा ना आता त्यांची भेट. वरच्या कोर्टात तारखा पडताहेत का?"

"भेट झालीय," मी म्हटलं.

"मग अडलंय कुठे?"

"लिहितोय," म्हणून मी फोन ठेवला.

मी रोज एक पान लिहीत होतो आणि कथा पुढे नेत नव्हतो. ती दोघं चहा पीत होती. खिडकी उघडत होती. खिडकी लावत होती. प्रेमकथेला शेवट एकच असतो आणि तो मला तोंडपाठ होता. म्हणूनच मी लिहीत नव्हतो.

"अहो," एक दिवस बायको म्हणाली, "किती दिवस बसवून ठेवणार आहात त्याला? दारात ताटकळत ठेवणं आणि घरात ताटकळत ठेवणं, फरक काय?"

"तुला काय वाटतं, काय शेवट असावा?"

"मी लिहीत नाही. मी ऐकते. तुम्ही लिहा."

९

मी एक दुपारभर बसलो. विचार केला असं म्हणवत नाही, कारण तर्काने मी कुठेच पोचत नव्हतो. एवढं दिसत होतं, की त्याच्याजवळ असली की ती चालते, विणते, केस मागे करते. माझ्याजवळ असली की तिला आधार लागतो, आणि माझा आधार कसला? वायर तोडून बसलेला, प्रत्येक वाक्याला भिणारा म्हातारा मी. आणि काचेतला तो चेहरा मी बघितला होता. तो बघितल्यानंतर दुसरं काही लिहिणं म्हणजे लबाडी झाली असती.

चहा झाल्यावर मी स्टुलावर बसलो आणि वाचलं.

"तिने खुंटीवरचा कोट घेतला. मागे वळून न बघता ती त्याच्याबरोबर निघाली."

वेताची खुर्ची कुरकुरली. उशी पुढच्या कडेला दबली, ऐकणारा पुढे सरकून बसल्यासारखी. मग डावीकडून तो आला, खालच्या पट्टीतला, स्पष्ट.

"हं."

मी बायकोकडे बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते. विणकाम थांबलं होतं. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तो आवाज थांबला, आणि तरीही ती बोलली नाही. मी कागद गुडघ्यावर टेकवला.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"नाही म्हणत मी 'हं'. खोडा ते."

"अगं, पण वाचकांना तर—"

"वाचकांना काय कळतंय?" तिने डोळे उघडले. ती माझ्याशी बोलत होती, पण बघत डावीकडे होती, आणि आवाज मऊ होता, जवळच्या माणसाला नाही म्हणताना होतो तसा. "ती नाही जायची. तिला घर आहे. आणि गेली, तर दुपारचं तिला वाचून कोण दाखवणार?"

"तो दाखवेल," मी म्हटलं.

"तो ऐकतो छान," बायको म्हणाली. "लिहिता कुठे येतंय त्याला?"

मी पेन उघडलं आणि खोडलं. एकच रेघ मारली.

उशी वर येऊ लागली. इतकी सावकाश, की तिच्याकडे एकटक बघितलं तरी हललेली कळू नये. कापूस फुगत गेला, मधला खळगा भरत गेला, शेवटी वरची सुरकुतीही गेली. बायकोची मान त्याच्याबरोबर हळूहळू वर होत गेली, कुणी उठून उभं राहिल्यावर होते तशी, आणि मग दाराकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती हसत होती. दार उघडल्याचा आवाज आला नाही, लागल्याचा मात्र आला. अगदी हलक्या हाताने लावल्याचा.

त्याबरोबर तिचा डावा हात मांडीवरून घसरला आणि खुर्चीच्या बाजूला लोंबकळू लागला. सुया फरशीवर पडल्या. तिचा ओठ पुन्हा एका बाजूला ओढला गेला.

मी स्टुलावरून उठून तिच्याजवळ गेलो आणि तो हात उचलून माझ्या दोन्ही हातांत घेतला. जड होता, गार होता. तो मला नीट धरता आला की नाही, सांगता येत नाही.

"जोरात नको," ती म्हणाली. "हां. असं."

१०

पायपुसण्यावरचा काथ्या दुसऱ्या दिवशी सगळीकडे सारखा उभा होता. डॉक्टर लिफ्टपाशी भेटले आणि म्हणाले, "गेले वाटतं तुमचे पाहुणे? काल जिन्यात दिसले. आज आठवतोय हो चेहरा. शांत होता. रडून झाल्यावर होतो ना, तसा." मग ते सांगू लागले कसा होता ते, आणि मी औषधं आणायला उशीर होतोय म्हणून निघालो.

पुस्तक छापून झालं. त्यात ती जात नाही, आणि त्याला नावही नाही. प्रकाशिका नाराज होती. वाचकांची रागाची पत्रं आली, पण बरीच आली. बायको आता काठीने चालते. हात तसाच आहे. रोज चहानंतर तो मी मांडीवर घेतो आणि एका हाताने कागद धरून वाचतो.

"एक सांगू?" परवा ती मध्येच म्हणाली. "पुन्हा कुणाला दारात उभं करू नका."

"मी काय मुद्दाम केलं का?"

"ते ठाऊक आहे हो. पण एकदा नाही म्हणाले मी." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "दुसऱ्यांदा जमेल का, ते मला नाही सांगता येत."

नवीन कादंबरी सुरू केली आहे. खोल्या झाल्या आहेत, खिडक्या आहेत, दोघं आत बसलेली आहेत. घराला मी अजून दार दिलेलं नाही.